होडीची शर्यत, पण होडी खांद्यावर घेऊन पळायचं : काय आहे डुझी कनू मॅरेथॉन?

पुण्या-मुंबईतल्या पळणाऱ्या मंडळींच्या तोंडी उन्हाळा संपता संपता एक नाव हमखास येतं, ते म्हणजे कॉम्रेड्स. दक्षिण आफ्रिकेतली दोन शहरं, पीटरमॅरित्झबर्ग आणि डर्बन. मधलं अंतर साधारण ९० किलोमीटर आणि ते एका दिवसात पळून काढायचं. १९२१ पासून चालत आलेल्या या शर्यतीला भारतातूनही बरेच जण जातात, त्यात आपली मराठी माणसंही असतात. फेसबुकवर मेडल गळ्यात घातलेला एखादा ओळखीचा चेहरा तुम्हीही पाहिला असेल.

यातलं पीटरमॅरित्झबर्ग आपल्याला आणखी एका कारणासाठी माहीत असतं. जून १८९३ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसले म्हणून गांधीजींना ट्रेनमधून जिथं खाली उतरवलं, ते हेच स्टेशन.

तर याच दोन शहरांमध्ये आणखी एक शर्यत होते. ती रस्त्यावरून होत नाही, नदीतून होते. अंतर जवळपास १२० किलोमीटर, दिवस तीन आणि वाहन म्हणजे एक अरुंद, हलकी होडी. गंमत अशी की या होडीच्या शर्यतीत जिंकायचं असेल, तर होडी खांद्यावर टाकून डोंगर चढता आला पाहिजे.

शर्यतीचं नाव डुझी कनू मॅरेथॉन. नदी आहे म्सुंदुझी, तिचंच लाडाचं नाव डुझी.

ही शर्यत नेमकी काय आहे, त्यात कुठल्या होड्या असतात, लोक होडी घेऊन पळतात कशाला आणि शर्यत संपल्यावर निम्म्या लोकांचं पोट का बिघडतं, हे सगळं नीट समजून घेऊ.

सुरुवात झाली आठ जणांपासून

साल होतं १९५१. दुसऱ्या महायुद्धात कोवळ्या वयात इटलीच्या आघाडीवर लढून आलेला एक तरुण होता, इयान प्लेयर. आडनाव ओळखीचं वाटलं असेल, तर बरोबर आहे. जगप्रसिद्ध गोल्फपटू गॅरी प्लेयरचा हा थोरला भाऊ.

पीटरमॅरित्झबर्गहून डर्बनपर्यंत नदीनं जायचं, असं इयानच्या डोक्यात बसलं होतं. लोकांनी वेड्यात काढलं, पण त्यानं शर्यत जाहीर केली. २२ डिसेंबर १९५१ ला आठ जण पाण्यात उतरले.

तेव्हा कार्बन फायबर वगैरे काही नव्हतं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कॅनव्हास, अशा घरगुती होड्या. वाटेत खडक, मध्येच आटलेलं पात्र, काठाला काटेरी रान, त्यात डिसेंबर म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. एकेक करत सात जण गळाले. इयानला वाटेत साप चावला, तरी तो थांबला नाही. डर्बनला पोहोचला तेव्हा घड्याळ सांगत होतं, ६ दिवस, ८ तास आणि १५ मिनिटं.

आठपैकी पूर्ण करणारा एकच, त्यामुळे पहिलाही तोच आणि शेवटचाही तोच.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, इयान नाताळ प्रांताच्या उद्यान खात्यात नोकरीला लागला. साठच्या दशकात पांढऱ्या गेंड्यांना वाचवण्यासाठी जी मोहीम झाली, त्याच्या आघाडीला हाच माणूस होता. एकाच अभयारण्यात उरलेले गेंडे पकडून इतर ठिकाणी नेऊन सोडायचे आणि नव्यानं वाढवायचे, असं ते काम. २०१४ मध्ये इयान वारला, तोपर्यंत त्यानं सुरू केलेली शर्यत साठीच्या पुढे गेली होती.

हे सांगायचं कारण म्हणजे डुझीची गोष्ट पहिल्या दिवसापासून खेळ आणि नदी, अशी दोघांची आहे. ते पुढे येईलच.

नाव कनूचं, होडी कयाकची

आता पहिला गोंधळ दूर करू. शर्यतीच्या नावात कनू आहे, पण तुम्ही व्हिडिओ बघितलात तर दिसते ती कयाक. मग फरक काय?

कयाकमध्ये माणूस पाय पुढे पसरून बसतो आणि त्याच्या हातातल्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा डावीकडे मारायचं, एकदा उजवीकडे. ही होडी मूळची आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची. सीलचं कातडं सांगाड्यावर ताणून ते शिकारीसाठी कयाक बनवायचे.

कनूमध्ये वल्ह्याला एकाच टोकाला पातं. शर्यतीच्या कनूत माणूस एका गुडघ्यावर बसून एकाच बाजूनं वल्हवतो. ऑलिम्पिकमध्ये C1, C2 असं लिहिलेलं दिसलं की ती कनू, K1, K2, K4 दिसलं की कयाक. आकडा म्हणजे होडीत किती माणसं.

पण ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत कनू हा शब्द दोन्हींसाठी सरसकट वापरतात. दक्षिण आफ्रिकेत तेच रूढ झालं. म्हणून नाव कनू मॅरेथॉन आणि पाण्यात कयाक.

रोइंग म्हणजे आणखी वेगळा प्रकार. नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला गेला, तो रोइंगमध्ये. त्यात वल्ही होडीला अडकवलेली असतात आणि खेळाडूची पाठ पुढच्या दिशेला असते. कयाक आणि कनूमध्ये वल्हं पूर्णपणे हातात असतं आणि तोंड जायच्या दिशेनं. खडकाळ नदीत समोरचं दिसलं पाहिजे, हे उघडच आहे.

डुझीत एक वर्ष एकट्याच्या होड्यांचं, म्हणजे K1 चं, तर पुढचं वर्ष जोडीच्या होड्यांचं, म्हणजे K2 चं, असा पाळीपाळीनं मान असतो.

तीन दिवस, तीन टप्पे

सुरुवातीच्या काळात निघालात की पोहोचेपर्यंत घड्याळ चालू, असा मामला होता. पुढे सुरक्षेसाठी रात्रीचे मुक्काम ठरले आणि आजची तीन दिवसांची शर्यत उभी राहिली. ती फेब्रुवारीच्या आसपास होते, म्हणजे तिकडच्या पावसाळी उन्हाळ्यात.

पहिला दिवस : पीटरमॅरित्झबर्गमधल्या कॅम्प्स ड्रिफ्टपासून डुझी ब्रिजपर्यंत, साधारण ४२ किलोमीटर. शहरातून बाहेर पडताना बंधारे, नंतर अरुंद नदी, खडक आणि सगळ्यात जास्त पळापळ याच दिवशी. अनेकांची होडी पहिल्याच दिवशी फुटते.

दुसरा दिवस : डुझी ब्रिजपासून इनांडा धरणापर्यंत, साधारण ४६ किलोमीटर. याच टप्प्यात म्सुंदुझी नदी मोठ्या उम्गेनी नदीला मिळते. संगमानंतर पाणी वाढतं, रॅपिड्स मोठे होतात. आणि शेवटी येतं धरणाचं सपाट पाणी. प्रवाह नाही, सावली नाही, समोरून वारा आला तर रडकुंडीला आणतो.

तिसरा दिवस : इनांडा धरणापासून निघायचं आणि डर्बनच्या ब्लू लगूनला, म्हणजे उम्गेनी समुद्राला मिळते तिथं पोहोचायचं. साधारण ३६ किलोमीटर.

मधला बराचसा भाग हजार डोंगरांची दरी म्हणून ओळखला जातो. दोन्ही बाजूला झुलू लोकांच्या वाड्यावस्त्या. इनांडा हे नावही आपल्याला अगदीच परकं नाही. गांधीजींनी १९०४ मध्ये उभा केलेला फिनिक्स आश्रम याच भागात आहे.

आज पहिला येणारा माणूस हे तीन टप्पे मिळून साधारण आठ तासांच्या आसपास संपवतो. इयान प्लेयरला लागले होते सहा दिवस. हौशी मंडळींना अर्थात बराच जास्त वेळ लागतो आणि त्यांच्यासाठी पोहोचणं हीच मोठी गोष्ट असते. गर्दीच्या वर्षांत इथं शेकड्यांनी होड्या उतरल्या आहेत. सगळे एकदम सुटले तर नदीत चेंगराचेंगरी व्हायची, म्हणून कामगिरीनुसार गट पाडतात आणि काही मिनिटांच्या अंतरानं एकेक गट सोडतात.

पण होडी घेऊन पळायचं कशाला?

हा डुझीचा खरा आत्मा. होडी उचलून जमिनीवरून नेणं, याला म्हणतात पोर्टेज.

याची दोन कारणं. पहिलं साधं आहे. समोर बंधारा आहे, धबधबा आहे किंवा नदीत नुसतेच दगड उरलेत. तिथून जाता येत नाही, मग उतरा आणि उचला.

दुसरं कारण डोक्याचं आहे. ही नदी डोंगरांमधून नागमोडी वळणं घेत जाते. समजा एका डोंगराला वळसा घालायला नदी सहा किलोमीटर घेते आणि तोच डोंगर सरळ चढून उतरलं तर अंतर दोन किलोमीटर आहे. नदीत पाणी भरपूर असेल तर वळसा परवडतो. पाणी कमी असेल, होडी सारखी दगडांना घासत असेल, तर खांद्यावर टाकून डोंगर ओलांडलेला बरा. रोजचं पाणी बघून हे गणित नव्यानं मांडावं लागतं.

हे गणित ज्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगलं कळलं, तो म्हणजे ग्रॅम पोप-एलिस. १९७२ ते १९९० या काळात त्यानं डुझी तब्बल १५ वेळा जिंकली. लोक त्याला डुझीचा राजा म्हणायचे. तो नुसता वल्हवण्याचा सराव करायचा नाही, डोंगरातल्या पायवाटा धुंडाळायचा. कुठून चढलं तर किती मिनिटं वाचतात, याचा हिशेब ठेवायचा. बाकीचे नदीत झटत असताना हा गडी होडी खांद्यावर घेऊन दुसऱ्या बाजूनं उतरलेला असायचा. २०१० मध्ये शेतावर ट्रॅक्टरच्या अपघातात तो गेला.

आज प्रत्येक पोर्टेजला नाव आहे. पहिल्या दिवशी कॅम्पबेल्स फार्म आणि गिनी फाउल, दुसऱ्या दिवशी न्कुमेनी टेकडी, तिसऱ्या दिवशी बर्मा रोड. यातलं बर्मा रोड सगळ्यात बदनाम. दोन दिवस थकलेलं अंग, डोक्यावर ऊन, खांद्यावर होडी आणि समोर उभा चढ. जोडीच्या होडीत एक पुढचं टोक धरतो, दुसरा मागचं. पुढचा जोरात पळाला आणि मागच्याला दम लागला, तर भांडणं तिथंच होतात.

होडी आणि सामान : काय लागतं?

रील्समध्ये कयाक बघून अनेकांना वाटतं, प्लॅस्टिकची एक होडी आणि वल्हं घेतलं की झालं. पर्यटनाला ते ठीक. शर्यतीचं सामान वेगळं असतं, ते का वेगळं असतं ते बघू.

होडी : आंतरराष्ट्रीय नियमांत K1 जास्तीत जास्त ५.२० मीटर आणि K2 जास्तीत जास्त ६.५० मीटर लांब असते. मॅरेथॉन प्रकारात वजनाची किमान मर्यादा K1 साठी ८ किलो आणि K2 साठी १२ किलो. म्हणजे दोन माणसांची साडेसहा मीटरची होडी गॅसच्या भरलेल्या सिलिंडरच्या निम्म्याहूनही कमी वजनाची! फायबर ग्लास, केव्हलार, कार्बन यांच्या थरांतून ती बनते. होडी लांब आणि अरुंद असली की वेग मिळतो, पण तेवढीच ती डळमळते. नवखा माणूस शर्यतीच्या होडीत बसला की पहिल्या मिनिटात पाण्यात जातो, यात लाजण्यासारखं काही नाही. नदीच्या शर्यतीत खडकांचा मार असतो, म्हणून तळाला मजबुती देतात आणि त्यासाठी थोडं वजन वाढलं तरी चालवून घेतात. डुझीत हलकी होडी पळताना सुख देते, पण दगडावर आपटली की दुभंगते. दोन्हीच्या मधली निवड करणं, हाच कौशल्याचा भाग.

वल्हं : शर्यतीतलं वल्हं सपाट नसतं, चमच्यासारखं वाकवलेलं असतं. याला विंग पॅडल म्हणतात. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये हा आकार पुढे आला आणि थोड्याच वर्षांत सगळ्या जगानं उचलला. विमानाच्या पंखासारखा आकार असल्यामुळे वल्हं पाण्यात घसरत नाही, पक्की पकड घेतं. बघणाऱ्याला वाटतं जोर दंडाचा आहे. खरा जोर कंबर आणि पाठ वळवण्याचा आणि पायानं रेटा देण्याचा असतो.

सुकाणू : हे पायानं चालतं. सपाट पाण्यातल्या होडीचं सुकाणू तळाखाली असतं. नदीत तिथं दगड लागून ते मोडेल, म्हणून नदीच्या होड्यांना ते बहुधा शेपटाला लावतात, आपटलं तर वर उचललं जाईल असं.

झाकण : बसायच्या जागेभोवती कापडाचं झाकण बसवतात, म्हणजे लाटा आत येत नाहीत. ते एका झटक्यात निघणारं असलं पाहिजे. होडी पालथी झाली आणि माणूस अडकला, तर खेळ जिवावर बेततो.

लाइफ जॅकेट : यावर चर्चाच नाही, घालायचं म्हणजे घालायचं. पट्टयातला पट्टी असला तरी खडकावर डोकं आपटून शुद्ध गेल्यावर पोहता येत नाही. तेव्हा माणसाला पाण्यावर तरंगत ठेवायचं काम जॅकेटच करतं.

बूट : बाकीच्या होडीच्या शर्यतींत बुटाला फारसं महत्त्व नाही. इथं पळायचं असतं. त्यामुळे पाणी पटकन निथळेल आणि ओल्या चिखलात पकड राहील असे बूट लागतात.

किरकोळ पण महत्त्वाचं : खांद्याला लावायची स्पंजची गादी, वल्हवता वल्हवता पिता यावं म्हणून तोंडापर्यंत येणारी पाण्याची नळी आणि चिकटपट्टीचं मोठं रीळ. होडीला भोक पडलं की काठावर ओढायची, पुसून कोरडी करायची, चिकटपट्टी मारायची आणि पुन्हा पाण्यात. डुझी पूर्ण करणाऱ्या कित्येक होड्या शेवटी चिकटपट्टीवरच तरलेल्या असतात.

आणि एक सामान दुकानात मिळत नाही. त्याला तिकडे सेकंड म्हणतात, म्हणजे मदतनीस. घरचा कुणीतरी किंवा मित्र गाडी घेऊन धुळीच्या रस्त्यांनी पुढे पुढे जातो, ठरलेल्या ठिकाणी पाणी, खाणं, सुटे भाग देतो, संध्याकाळी तंबू लावतो.

नदीला पाणी कुठून येतं?

कोलाडला राफ्टिंग केलेल्यांना हा मुद्दा लगेच कळेल. कुंडलिका नदीत उन्हाळ्यातही राफ्टिंग होतं, कारण वीज तयार करून सोडलेलं पाणी सकाळी नदीत येतं. पाणी येईल तेवढाच वेळ खेळ.

डुझीचंही तसंच. नदीच्या वरच्या अंगाला धरणं आहेत. पाऊस चांगला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर शर्यतीच्या दिवसांत धरणातून पाणी सोडतात आणि ते कोणत्या वेळी कुठं पोहोचेल, याचा हिशेब मांडून शर्यत चालते. दुष्काळी वर्षात हा विषय नाजूक होतो. प्यायला पाणी कमी असताना खेळासाठी सोडायचं का, हा प्रश्न आपल्याइतकाच तिकडेही टोचतो.

म्हणजे पॅडलर मंडळी पावसाची वाट बघत असतात. पण पाऊस आला की दुसरं संकट सोबत येतं.

डुझी गट्स : ज्या आजाराला शर्यतीचं नाव मिळालं

डुझी पूर्ण केलेल्या लोकांमध्ये एक शब्द प्रचलित आहे, डुझी गट्स. सरळ मराठीत, डुझीचं पोट. शर्यतीनंतर एक-दोन दिवसांत जुलाब, उलट्या, पोटात पिळवटून येणं.

कारण सरळ आहे. म्सुंदुझी नदी पीटरमॅरित्झबर्ग शहरातून वाहते. शहराच्या जुन्या मैलावाहिन्या गळतात, तुंबतात, पावसात भरून वाहतात आणि सगळं नदीत येतं. पाण्यात इ. कोलाय नावाचे जिवाणू किती आहेत हे वारंवार तपासलं जातं. हे जिवाणू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात असतात. ते पाण्यात सापडले, याचा अर्थ पाण्यात विष्ठा मिसळली आहे. रॅपिडमध्ये होडी उलटली की दोन घोट पोटात जातातच.

इथंच पॅडलरची कोंडी होते. पाऊस कमी, तर नदीत दगड. पाऊस जास्त, तर होडी छान चालते, पण शहराची सगळी घाण धुऊन नदीत आलेली असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये तर कहर झाला. एका कारखान्यातून खाद्यतेल आणि कॉस्टिक सोडा नदीत गेला आणि मैलोन्‌मैल मेलेले मासे तरंगत राहिले.

त्यात भर जलपर्णीची. हे वेगळं सांगायला नको, मुळा-मुठा आणि पंचगंगा ज्यांनी पाहिलीय त्यांना चित्र डोळ्यांसमोर आलंच असेल. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं खत. इनांडा धरणावरही जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात. होडी त्यात रुतली की वल्हं मारून उपयोग नाही, वल्हंच अडकतं.

मग मंडळींनी काय केलं? काहींनी गोळ्या घेतल्या आणि तोंड घट्ट मिटून वल्हवायला शिकले. पण काहींच्या लक्षात आलं की आपण तीन दिवस हे पाणी अंगावर घेतो आणि घरी जातो. काठावरची माणसं रोज याच पाण्यात कपडे धुतात, जनावरं पाजतात, काही ठिकाणी घरात वापरतात. त्यांच्या आजाराला कुणी मजेशीर नाव दिलेलं नाही.

यातून डुझी-उम्गेनी कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली, तिच्यामागे होड्यावाल्या लोकांचा मोठा हात होता. नदीकाठची परकी झाडंझुडपं काढणं, कचरा उचलणं, फुटलेल्या मैलावाहिन्या शोधून प्रशासनाला कळवणं, स्थानिक लोकांना या कामात रोजगार देणं, अशी कामं ही संस्था करते. नदी स्वच्छ झाली का? नाही. गळती दुरुस्त करणं हे शेवटी महापालिकेचं काम आहे आणि त्याला पैसा आणि इच्छा दोन्ही लागतात. पण कुठं काय फुटलंय, हे आता लपून राहत नाही. कारण रोज सराव करणारा माणूस पाण्याचा वास बदलला की सगळ्यात आधी ओरडतो.

काठावरची पोरं होडीत बसली तेव्हा

डुझीच्या इतिहासात आणखी एक गाठ आहे. शर्यत जाते झुलू वस्त्यांमधून, पण कित्येक दशकं होडीत असायची ती प्रामुख्यानं गोरी माणसं. देशात वर्णभेदाचं राज्य होतं. खेळही त्यातून सुटले नव्हते. याच धोरणामुळे दक्षिण आफ्रिका १९६४ पासून ऑलिम्पिकबाहेर होती, ती परत आली थेट १९९२ च्या बार्सिलोनामध्ये. कायदे गेले तरी होडीची किंमत राहिली. कार्बनची होडी, वल्हं, गाडी, प्रवास, हे खेड्यातल्या पोराला परवडणारं नव्हतं.

पण विचार करा. या डोंगरात लहानपणापासून अनवाणी पळणारी पोरं. कुठल्या वाटेनं चढायचं, नदी कुठं उथळ आहे, हे त्यांना शिकवावं लागत नाही. जी शर्यत पळण्यावर जिंकली जाते, त्यात ही पोरं मागे राहावीत कशी?

२००८ मध्ये मार्टिन ड्रायर या सात वेळच्या विजेत्याच्या जोडीनं मायकेल म्बांजवा जिंकला आणि डुझी जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय पॅडलर ठरला. ड्रायरनं याच दरीतल्या मुलांसाठी प्रशिक्षण केंद्र चालवलं, होड्या दिल्या, शिकवलं. २०१४ मध्ये स्बोनेलो क्वेला हा अँडी बर्केटच्या जोडीनं जिंकला. बर्केट म्हणजे अलीकडच्या काळातला डुझीचा सगळ्यात मोठा खेळाडू आणि मॅरेथॉन कयाकिंगचा विश्वविजेता. आज पहिल्या गटात झुलू नावं दिसणं ही बातमी राहिलेली नाही.

आपल्याकडे काय?

ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९३६ च्या बर्लिनपासून पदकासाठी आहे. भारताला आशियाई स्पर्धेत पहिलं पदक मिळालं १९९४ च्या हिरोशिमामध्ये, C2 १००० मीटरचं कांस्य. दुसऱ्या पदकासाठी २९ वर्षं थांबावं लागलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी त्याच प्रकारात कांस्य आणलं. सुनील मणिपूरच्या लोकटाक सरोवराकाठचा, जिथं होडी हेच रोजचं वाहन. त्याच महिन्यात आशियाई पॅरा स्पर्धेत ग्वाल्हेरच्या प्राची यादवनं कयाकमध्ये सुवर्ण जिंकलं. तिचा सराव भोपाळच्या तलावात झाला.

म्हणजे तिकडे डुझी असो की इकडे लोकटाक, सूत्र तेच दिसतं. घराजवळ पाणी हवं, कुणीतरी होडी द्यायला हवी आणि पाणी उतरण्याजोगं हवं. पुण्यात सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासून आहे. तिथली मुलं वर्षानुवर्षं रेगाटाचा सराव नदीतच करत आली आहेत. त्या पाण्याचा वास पुलावरून जाणाऱ्याला सुद्धा येतो, होडीतल्याचं तर विचारूच नका.

एका नजरेत डुझी

- पहिली शर्यत : २२ डिसेंबर १९५१, आठ स्पर्धक, पूर्ण करणारा एक
- मार्ग : पीटरमॅरित्झबर्ग ते डर्बन, म्सुंदुझी आणि उम्गेनी नद्यांमधून
- अंतर : जवळपास १२० किलोमीटर, तीन दिवसांत
- होड्या : कयाक, एक वर्ष K1 तर पुढचं वर्ष K2
- सर्वात गाजलेलं नाव : ग्रॅम पोप-एलिस, १५ विजेतेपदं
- खासियत : पोर्टेज, म्हणजे होडी खांद्यावर घेऊन पळणं
- दुखणं : सांडपाणी, जलपर्णी आणि डुझी गट्स

कॉम्रेड्सला जाणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना एवढंच सांगा, डर्बनला उतरल्यावर उम्गेनी जिथं समुद्राला मिळते ते ब्लू लगून बघून या. सहा दिवस अंगावर काढून, साप चावलेला एक माणूस १९५१ मध्ये तिथंच होडीतून उतरला होता.